मनोहरचे माउंट आणि मी

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तुमच्या दुकानापासून चाळीस पावलांवर एक मनोहर असला, की ते आपोआप होत राहतात आणि साठत जातात.

पन्नास सालानंतरची ही चार-सहा वर्षं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बाजाराच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, पत्र्याच्या छपराला बसवलेली एक मोठी काच, मागं कारंजं रंगवलेला पडदा आणि एक खुर्ची. ऊन असलं की धंदा, आभाळ आलं की सुट्टी. त्याच रस्त्यावर पुढं मनोहरचं दुकान. तोही फोटो काढायचा, पण त्याचं नाव होतं फ्रेमसाठी. फोटो माझे चांगले होते. हे मी म्हणत नाही, मनोहरच म्हणायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

लोकांना फ्रेम स्वस्त पाहिजे आणि चांगलीही पाहिजे. माझी नुसती स्वस्त होती. मनोहरची दोन्ही होती. कशी, ते मला कळत नव्हतं आणि विचारायला जीभ रेटत नव्हती.

*

इंझोरीचे उकंडा पाटील एकदा आले. त्यांच्या बैलजोडीचा फोटो काढायचा होता. मी कॅमेरा, तिवई, काचेच्या प्लेटा असं सगळं सामान त्यांच्या छकड्यात घालून इंझोरीला गेलो. एक बैल गरीब होता, दुसरा मान स्थिर ठेवीना. मी काळ्या कापडात डोकं घातलं की तो बुजायचा. शेवटी पाटलीणबाईंनी त्याच्यासमोर ढेपेचं टोपलं धरलं, आणि तो टोपल्याकडं बघत राहिला. तेवढ्यात मी फोटो घेतला. असा आला म्हणून सांगू, बैलाच्या डोळ्यातलं टोपलंसुद्धा दिसत होतं.

पाटील खूश झाले. मी फ्रेम दाखवायला काढली. आमच्या सुतारानं बाभळीच्या पट्ट्यांची केलेली, वर काळा तेलरंग. त्यांनी ती हातात घेतली, एक डोळा मिटून बंदुकीसारखी धरली, आणि परत ठेवली.

"फोटो नुसताच द्या," ते म्हणाले. "फरेम मनोहरभौकडं करतो."

"काहून? माझी काय वाईट हाये?"

"वाईट नाई हो. पन बैलं सरळ उभी हायेत. भितीवर तिरपी कायले करता?"

*

त्यानंतर मी माउंटच्या मागं लागलो. माउंट म्हणजे फोटोच्या भोवती, काचेच्या आत असतो तो पुठ्ठा, मधोमध खिडकी कापलेला. माउंट चांगला असला की साधा फोटोही भारी दिसतो. मनोहरचे माउंट जाड, मलईच्या रंगाचे असायचे. तसा पुठ्ठा वाशिमात कुठंच मिळत नव्हता.

फूलचंदजींचं कापडाचं दुकान होतं. जैन व्यापारी, शांत माणूस. कापडाच्या ताग्याच्या आत जो पुठ्ठा येतो तो त्यांच्याकडं ढिगानं पडलेला. ते म्हणाले, "ले जाओ, भास्करभाऊ. आम्ही तर चुलीत घालतो."

मला वाटलं, आता मनोहरचं संपलं. मी घरी कणकेची खळ शिजवली, पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवला, ब्लेडनं खिडकी कापली. पहिला माउंट उपकार म्हणून फूलचंदजींच्या वडिलांच्या फोटोला लावला. वडील वारून दोन वर्षं झाली होती. फार कडक माणूस होता म्हणत. फोटो दुकानात गादीच्या वर लागला.

पावसाळ्यात हवा ओली झाली, खळीनं ओल धरली आणि पुठ्ठ्यावरचा गिरणीचा छाप कागदातून वर आला. जांभळ्या अक्षरात, अगदी वडिलांच्या फोटोखाली: "रंग पक्का. धुऊन पहा."

मला निरोप आला. मी गेलो तेव्हा फूलचंदजी फोटोसमोर हात मागं बांधून उभे होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "जाऊ द्या, भास्करभाऊ. बाबूजी होते तर तसेच."

मग त्यांनी फोटो खाली उतरवला, काखेत धरला आणि मनोहरच्या दुकानाकडं चालू लागले.

*

काचेचंही तसंच. नवी काच अकोल्याहून यायची, त्यातली थोडी रस्त्यातच फुटायची. माझ्याकडं जुन्या फोटोंच्या निगेटिव्हच्या काचेच्या प्लेटा पेटी भरून पडल्या होत्या. गरम पाण्यात सोडा घालून त्यावरचा थर खरवडला की स्वच्छ काच मिळते. फुकटची काच. हे मात्र मनोहरला सुचलं नव्हतं, म्हणून मी आठ दिवस आनंदात होतो.

वाशिमजवळच्या मालेगावच्या एका किराणावाल्याच्या लग्नाचा फोटो मी या काचेत मढवला. नवरा-नवरी शेजारी शेजारी बसलेले. दोन महिन्यांनी तो फ्रेम धोतरात गुंडाळून मोटारीनं वाशिमला आला.

"भास्करभौ, फोटोत आमी किती जन होतो?"

"दोघं."

"मंग हे तिसरं कोन हाये?"

त्यानं फ्रेम उजेडात जराशी कलती केली. नवरीच्या मागं, पदराला लागून, मिशांचा एक हवालदार उभा होता. टोपी, पट्टा, हातात काठी. सरळ धरलं की जायचा, कलतं केलं की यायचा. गेल्या साली मीच त्याचा फोटो काढला होता, आणि ती प्लेट धुताना माझा हात कमी पडला होता.

"घरात बायको रडून राह्यली," तो म्हणाला. "म्हनते, माह्यावर पहारा ठेवला."

मी लगेच काच बदलून दिली. त्याला चहा पाजला, कुणाला सांगू नका म्हणून हात जोडले. तो बरं म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरच्या पाटीवर खडूनं लिहिलेली एक ओळ वाढली होती: "येथे काच कोरी बसवतात."

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मनोहरच्या बायकोनं, कमलनं, माझ्या बायकोला बोलावलं. शांताला मी सकाळपासून पढवत होतो. वाण घ्यायचं, गोड बोलायचं, आणि पुठ्ठा कोण कापतं, कशानं कापतं, एवढं बघून यायचं. मनोहरच्या माउंटची खिडकी सरळ कापलेली नसायची. कडेला आत उतरता, तिरपा काप असायचा, चारही बाजूंनी सारखा. मी ब्लेडनं करायला गेलो की कड कुरतडल्यासारखी व्हायची.

शांता दिवेलागणीला आली. मी दारातच विचारलं, "समजलं काय?"

"समजलं."

"मनोहर कायनं कापते?"

"ते नाई कापत. कमल कापते."

"कमल? कायनं?"

"चांभाराची रापी हाये तिच्याकडं," शांता म्हणाली. "पुठ्ठ्यावर सागाची पट्टी ठेवते, रापी आडवी धरते, अन् एका दमात ओढते. थांबत नाई मंधात. मलेही एक कापू देल्ला. जमला मले."

"मंग उद्यापासून तू काप ना."

तिनं वाणातली बोरं ताटात ओतली. "लग्नाले आठ वर्सं झाले. दुकानातल्या एका वस्तूले हात लावू देल्ला का तुमी? तिकडं थे बाई दुकानात बसून चार मान्सांशी बोलते."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन रापी आणली आणि तिच्यापुढं ठेवली. शांताचा हात खरोखरच चांगला निघाला. महिन्याभरात माझे माउंट असे झाले की गिऱ्हाईक काचेवर बोट ठेवून बघायचं. आणि दर वेळी, प्रत्येक जण, तोंडभरून तेच म्हणायचा: "वा. अगदी मनोहरभौसारखे."

*

आता राहिला पुठ्ठा. तो कुठून येतो हे मला एके दिवशी अकोल्याला कळलं. सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला निघालो होतो, पुठ्ठाच शोधायला. डब्यात समोर मनोहर.

"कुठं, भास्करभौ?"

"दात दाखवाले. तू?"

"मावशीकडं."

अकोल्यापर्यंत आम्ही पिकापाण्याचं बोललो. स्टेशनवर रामराम केला. मी दहा पावलं गेलो, वळलो, आणि त्याच्या मागं मागं निघालो. त्याची मावशी एका बोळात निघाली. वह्यांची बांधणी करणाऱ्याचं दुकान होतं ते. मोठ्या पुठ्ठ्यांतून जे तुकडे उरतात ते तो बांधणीवाला मनोहरला रद्दीच्या भावानं द्यायचा. जाड, मलईच्या रंगाचे. मी समोरच्या पानाच्या ठेल्याआड उभा राहून सगळं पाहिलं.

पुढच्या आठवड्यात मी परत गेलो आणि दुकानात होते नव्हते तेवढे तुकडे उचलले. पुढचे सहा महिन्यांचे तुकडेही मलाच द्यायचे, असं ठरवून आलो. मनोहरपेक्षा जरा जास्त भाव लावला, एवढंच. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. शांता म्हणाली, "एवढा पुठ्ठा कायले?"

"लागते."

"तुमाले लागते का त्याले लागू नये म्हनून?"

मनोहर अकोल्याहून हात हलवत परत आला, तो दिवस मी दुकानाच्या दारात उभं राहून पाहिला. त्यानं माझ्याकडं बघून नेहमीसारखा रामराम केला. त्याला कळलं होतं, हे मला त्याच्या रामरामावरून कळलं.

महिनाभर त्याच्या दुकानात नवी फ्रेम लागली नाही. मग एक लागली. तिच्यात माउंटच नव्हता. फोटो काचेला भिडवलेला, कडेनं बारीक काळी रेघ आणि अरुंद सागाची पट्टी. बस. मी मनात म्हटलं, मेला.

पंधरा दिवसांनी एक वकीलसाहेब माझ्याकडं आले. त्यांच्या मुलीचा फोटो मी मोठ्या हौसेनं मलईच्या माउंटमध्ये बसवून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"हे पुठ्ठा लावायचं जुनं झालं हो," ते म्हणाले. "आता सगळे बिनपुठ्ठ्याची करून राह्यले. मनोहरकडं पाहा एकदा जाऊन."

*

माझी माय माघ महिन्यात गेली. दोन दिवसांचा ताप, बस. ती मला पुष्कळदा म्हणाली होती, "भास्कर, माहा एक फोटो काढ ना रे." मी म्हणायचो, उद्या. उद्या ऊन नसायचं, किंवा गिऱ्हाईक असायचं, किंवा प्लेट एकच उरलेली असायची. जिल्हाभरच्या म्हाताऱ्यांचे फोटो मी काढले. माझ्या मायचा फोटो माझ्याकडं नव्हता.

तेरवीला हार घालायला काहीतरी पाहिजे. मी पेट्या उघडल्या, सगळ्या प्लेटा उजेडात धरून पाहिल्या. एकीत ती होती, शेजाऱ्यांच्या घोळक्यात, पण नेमकी मान वळवलेली. कान आणि पदर, एवढीच.

तेरवीच्या सकाळी मनोहर आला. हातात कापडात बांधलेलं काहीतरी होतं. त्यानं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

माय होती. नवं लुगडं नेसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, माझ्याकडं बघत असलेली. हसत होती. मी तिला कॅमेऱ्यासमोर कधी बसवलंच नव्हतं, त्यामुळं ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या होत्या," मनोहर म्हणाला. "एकट्याच. मी म्हटलं, माय, तुमच्या घरीच तं फोटोवाला हाये. तं म्हने, त्याले येळ नाई. अन् त्याले सांगजो नको, म्हने. मी गेल्यावर लागनच त्याले."

मी फ्रेम उलटीपालटी करून पाहिली. सागाची पट्टी, कोपरे असे जुळलेले की नख जाईना. आत जाड माउंट, मलईच्या रंगाचा, चारही बाजूंनी सारखा तिरपा. एवढा पुठ्ठा त्यानं कुठून आणला, देव जाणे. खरं सांगायचं तर माय माझ्या मांडीवर होती आणि मी त्या माउंटमध्ये खोट शोधत होतो. सापडली नाही.

दुपारी पंगत बसली. समोर भिंतीला मायचा फोटो, त्याला झेंडूचा हार. केनवडचे मामा, मायचे सख्खे भाऊ, जेवता जेवता सारखे तिकडं बघत होते. माझ्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मनोहर.

"भास्कर," मामा म्हणाले. "जलमात एक काम बेस केलं बाप्पा तू. जशीच्या तशी बसवली तिले. असा फोटो लेकालेच काढता येते."

पंगतीतले चार जण माझ्याकडं बघायला लागले. मी पत्रावळीतला भात कालवत राहिलो. बोलायला पाहिजे होतं.

मनोहरनं वरणाची वाटी खाली ठेवली.

"फरेम तेवढी माझ्याकडची हाये, मामा," तो म्हणाला.