कर्णिककाकांचं पुढचं चाक

“ताप आहे, पण नाडी स्वच्छ लागतेय.”

जिना उतरताना हे वाक्य कानावर पडलं आणि खाली कोणीतरी आजारी आहे असं समजून मी परत वर जायला वळले. आजाऱ्याची चौकशी करायची म्हणजे बोलावं लागतं. पण वाकून पाहिलं तर कर्णिककाका मोटारसायकलपुढे उकिडवे बसले होते. एक हात पुढच्या चाकाच्या ब्रेक ड्रमवर, आणि स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक ड्रमला, दुसरं कानाला. काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. “पेशंटला पण आणू का अर्धा कप?” त्यांनी विचारलं.

काका आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. इमारतीतले बिघडलेले मिक्सर, इस्त्र्या, पंखे संध्याकाळी त्यांच्या दारात येत. काका कुठलीही वस्तू लगेच उघडत नसत. आधी तिचा इतिहास विचारत. “आवाज कधीपासून करतो? त्याच्या आदल्या दिवशी घरात काय झालं? पाहुणे आलेले का?” जोशीवहिनी एकदा वैतागून म्हणाल्या, “अहो, मिक्सर आहे तो, सून नाही.” काका शांतपणे म्हणाले, “वहिनी, वस्तू उगाच बिघडत नाही. आधी काहीतरी घडतं. ते घडलेलं सांगा, बाकीचं मी बघतो.” चौकशीत निघालं की जोशींनी त्यात सुपारी फोडून पाहिली होती.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझं मराठी ऐकून इमारतीतल्या मुली हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी करून टाकलं होतं. काकांना ते फार सोयीचं होतं. त्यांनी गाडी उघडली की येणारा-जाणारा थांबून सल्ला देई. काका मान वर न करता म्हणत, “सल्लेवाल्यांनी पलीकडे रांग लावा. इथे फक्त अनघा बसेल. अख्ख्या डोंबिवलीत हीच एक सल्ला देत नाही.” मग मी पाना हातात धरून त्यांच्या शेजारी बसे. त्या जागेचा मला अभिमान होता. ती टिकवायची तर गप्प राहायला हवं, हेही कळत होतं.

गाडीला ताप येण्याचं कारण म्हणजे शर्यत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी कल्याणबाहेरच्या एका मैदानात मोटारसायकलींची शर्यत होई. मातीत आखलेला लंबगोल ट्रॅक, आणि सगळी वळणं डावीकडे. काका पन्नाशीला आले होते, तरी दरवर्षी उतरत आणि दरवर्षी शेवटचे येत. “सगळ्यात सुरक्षित जागा,” ते सांगत. “मागून कोण ठोकणार?”

यंदा मात्र काकूंनी निर्वाणीचं सांगितलं होतं. मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून, साडी सांभाळत बसून त्यांची कंबर गेली होती. “यंदा शेवटचे आलात तर गाडी वसंताला द्यायची आणि स्कूटर घ्यायची. मला माणसासारखं बसता येईल अशी.” वसंता म्हणजे काकूंचा कळव्याचा भाऊ, आमचे वसंतमामा. काका हो म्हणाले. नंतर मला हळूच म्हणाले, “स्कूटर वाईट नसते गं. पण तिच्यावर बसलं की माणूस भाजी आणायला निघाल्यासारखा दिसतो.”

आणि नेमकं याच वर्षी चाक अडकायला लागलं. रस्त्यावर गाडी ठणठणीत होती. एमआयडीसीमागच्या मोकळ्या जागेत सरावाला नेली की काही फेऱ्यांत धापा टाकायची. ब्रेक न दाबताही पुढचा ब्रेक घासत राही आणि ड्रम इतका तापे की हात लावला की चटका बसे. घरी आणून स्टँडवर लावली, इंजिनाखाली वीट सारून पुढचं चाक उचललं, की चाक भिंगरीसारखं फिरे. काकांनी ब्रेकचे शू काढून घासले, स्प्रिंगा बदलल्या, आतलं सगळं धुऊन ग्रीस लावलं. पुन्हा सरावाला नेली, की तेच. “हिला परक्या जागेची भीती वाटते,” ते म्हणाले. “आपल्या अनघासारखी आहे.”

मी हसले. गंमत अशी, की जगाचा इतिहास विचारणाऱ्या काकांनी स्वतःच्या गाडीचा विचारला नव्हता. कोणीतरी विचारलं, “कधीपासून हे?” तर “झालं दसऱ्यापासून,” म्हणून ते स्प्रिंगांकडे वळले. माझ्या मात्र डोक्यात ते राहिलं. दसऱ्याला काकूंनी गाडीची पूजा केली होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि लाल-पिवळी नाडाछडी. ती त्यांनी हँडलला न बांधता टाकीपुढे गाडीच्या मानेला बांधली होती, चांगले घट्ट वेढे देऊन, कारण गळ्यातला दोरा गळ्यातच हवा. वेढ्यांत ब्रेकची केबलही आली होती. पूजेचा दोरा आपण होऊन पडेपर्यंत काढायचा नसतो, त्यामुळे काका इतके दिवस त्याला वळसा घालून काम करत होते. आणि स्टँडवर हँडल हलू नये म्हणून ते जुन्या टॉवेलने जिन्याच्या कठड्याला सरळ बांधून ठेवत.

हे सगळं मला शर्यतीच्या सकाळी मैदानात जुळलं. मी काकूंबरोबर वळणापाशी उभी होते. सरावाच्या फेरीत काका डावीकडे वळले की केबल ताणलेल्या दोरीसारखी दिसे. सरळ झाले की सैल. म्हणजे हँडल वळलं की दोऱ्यात आवळलेली केबल ओढली जात होती. प्रत्येक वळणावर दोराच ब्रेक दाबत होता.

काका परत आले. ड्रमला जळका वास येत होता. वसंतमामा स्वतःचं हेल्मेट घेऊनच आले होते. “दाजी, जास्त तापवू नका हां, मला कळव्यापर्यंत न्यायचीय,” ते म्हणाले. काका नुसते पान्याकडे पाहत बसले.

बोलायचं तर काकूंच्या पूजेचा विषय, तोही काकूंसमोर. मी पुढे झाले, काकांना बाजूला व्हायची खूण केली आणि गाडी स्टँडवर घेऊन शेजारी पडलेल्या एका विटेकडे बोट दाखवलं. काकांनी ती इंजिनाखाली सारून पुढचं चाक उचललं. मी ते फिरवलं आणि हँडल डावीकडे वळवलं. चाक जागच्या जागी थांबलं. सरळ केलं. चाक फिरलं. मग मी नाडाछडीवर बोट ठेवलं.

काकांनी केबल बोटाने दाबून पाहिली. वसंतमामा म्हणाले, “बघा, आता ही पण सल्ला द्यायला लागली.”

“हा सल्ला नाही,” काका म्हणाले. “हे निदान आहे. दोन्हींत फार फरक असतो वसंता, तुला सांगून उपयोग नाही.” आणि त्यांनी खिशातून ब्लेड काढलं.

“ब्लेड लावायचं नाही,” काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, गाडीला नमस्कार केला आणि गाठ नखांनी सोडवली. “मी देवाला एवढंच म्हटलं होतं, ह्यांना सावकाश चालवायची बुद्धी दे.”

“बुद्धी नाही दिली,” काका म्हणाले. “परस्पर ब्रेकच दाबला.”

काका आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला ती शर्यतच आधी दिसते. काका वळणांवर पहिल्यांदाच न अडखळता निघत होते आणि काकू डोळे मिटून उभ्या होत्या. ते जिंकले वगैरे नाहीत. पुढचे सगळे पुढेच गेले. मात्र काकांच्या मागे एकजण होता. त्याची चेन तुटली आणि तो गाडी ढकलत आला.

त्यावरून तिथेच वाद पेटला. “ढकलत आलेला धरायचा नाही,” वसंतमामा म्हणाले. “म्हणजे शेवटचे दाजीच.”

“त्याची चाकं फिरत होती की नाही?” काका म्हणाले. “मग तो आला. माझ्यानंतर आला.”

“दाजी, चालत तर मीही आलोय.”

काका काकूंकडे बघायला लागले. काकू दोघांकडे बघून दमल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तू सांग बाई. तू कोणाच्याच बाजूची नाहीस. द्यायची का वसंताला गाडी?”

वसंतमामांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. काका माझ्याकडे न बघता ड्रमवर हात ठेवून उभे होते. नुसती मान हलवून भागलं असतं.

“काकू, गाडी राहू दे,” मी म्हणाले. “मला शिकायचीय चालवायला.”