कोणत्या पानावर?

ज्या पुस्तकाच्या तुम्ही रोज पाया पडता, ते कधी वाचलंय का?

औंढ्याच्या देवळाबाहेर पोथ्या विकणारा तो म्हातारा देव मानत नसे, पण विकायची प्रत्येक पोथी आधी वाचायचा. एकदा गप्पांत मी त्याला बुद्धावरचं एक पुस्तक सुचवलं, त्यानं मला एक पोथी. तेवढ्यात सासूसोबत आलेली एक सून त्याच पोथीकडं बघत कचरत म्हणाली, "बायांनी वाचू न्हाई असं हिच्यात लिहिलंय म्हणे."

"कोणत्या पानावर?" चष्मा पुसत त्यानं सासूलाच विचारलं. "म्या तीनदा वाचली, माय. मला न्हाई सापडलं. तुमी दाखवा."

सुनेनं तिथंच उभ्यानं पहिलं पान खणखणीत आवाजात वाचलं आणि पोथी विकत घेतली.

घरात कुणी 'पोथीत लिहिलंय' म्हणालं, तर तुम्हीही पान विचारा.