भागरथामायचा दुसरा सारस

भागरथामाय भाताच्या बांधीत उभी राहून ओरडली, की तिकडे गोंदियाच्या टेसनावर इंजिन दचकून शिटी द्यायचं. खोटं वाटत असेल तर इंजिनाला विचारा. आता ती नाही. आमच्या शेजारची विधवा, मूलबाळ नाही. तरी आईच्या हक्कानं साऱ्या गावाला शिव्या द्यायची.

तिनं राजा नावाचा एक सारस पाळला होता. तलावाकाठी सापडलेलं पिल्लू तिच्या चुलीपाशी वाढलं आणि ताडाएवढं झालं. बरं, माझ्याएवढं धरा. माय बाजाराला निघाली की हा मागून पाटलासारखा डुलत यायचा. बाया चिडवायच्या, "भागरथे, याले सून कवा आणून राहिली वं?"

"तुह्यी पोरगी दे न! पाय मात्र याच्याएवढे लांब पायजेत!"

राजाला माणूस म्हणजे तांदळाची मूठ, एवढंच ठाऊक. कोणी दिसला की मान वाकवून जवळ जायचा. एका हिवाळ्यात गोरा साहेब तलावावर शिकारीला आला. त्याला पाहून बाकीचे सारस उडाले. राजा चालत त्याच्याकडे गेला, मान वाकवून.

बार वाजला, आणि माय मेलेल्या राजाला मांडीवर घेऊन चिखलात बसली. सारं गाव तिच्या हंबरड्याची वाट पाहत होतं. एवढ्या आवाजाची बाई, तोंडातून शब्द निघाला नाही.

पुढल्या पावसाळ्यात माझ्या बांधीतलं सारसाचं घरटं कुत्र्यांनी मोडलं. उरलेलं एक पिल्लू टोपलीत घालून मी तिच्या दारात गेलो.

"कायले आणलं? ने वापस. पयला माह्या मायेनंच मेला."

"मरून जाईल ना, माय."

टोपलीकडे न पाहता ती बसून राहिली. पिल्लू आत चिवचिवत होतं. शेवटी म्हणाली, "ठेवीन. पण पाळणार नाही."

परसात काट्यांचं कुंपण घालून तिनं ते ठेवलं. बेडक्या, गोगलगायी टिपून आणायची, गुपचूप झुडपाआड टाकायची. पिल्लाचं पोट भरलं की डबा बडवत, ढेकळं भिरकावत त्याच्या अंगावर धावायची. "भाग मेल्या! मानूस दिसला का पळायचं!" उडता पोपट गोट्यानं पाडणारी बाई, पण एक ढेकूळ त्याला लागलं असेल तर शपथ. गाव म्हणालं, बुढी भ्रमली. मला मात्र तिचे गाल ओले दिसायचे.

"एकदा तरी हात फिरव," मी म्हणालो.

"फिरवला तं मंग सुटते का रे हात?"

पंख फुटल्यावर ते तलावावरच्या सारसांत मिसळलं. मग एका सकाळी तो थवा तिच्या बांधीत उतरला. मायनं आपलं पिल्लू लगेच ओळखलं. पदरातले तांदूळ तिच्या मुठीत कधी आले, तिलाही कळलं नसावं. हात पुढे झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती हळू बोलली, "ये बापा."

त्यानं मान वर केली, तिला पाहिलं आणि किंचाळत उडालं. मागोमाग सारा थवा उठला.

मायनं माझं मनगट करकचून धरलं.

"पायलं का रे? मले भेते. मले बी भेते!"