भोक न पाडलेला चिमटा

कसबा बावड्याच्या रस्त्यावरचे आमचे सायकल मिस्त्री कुठलंही काम आधी नाकारतात. "न्हाय व्हायचं, पावणं," असं म्हणेपर्यंत त्यांचा पाना नटावर बसलेलाही असतो. दहा वर्षांची ओळख, तरी मी अजून पावणंच.

मुलीची शर्यतीची सायकल मी त्यांच्याकडे नेली. ती ट्रॅकवर पळवायची, म्हणून तिला ब्रेकच नाही आणि तो बसवायला पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात भोकही नाही. गुडघा दुखावल्यापासून मुलीनं शर्यती सोडल्या होत्या. आता तिला त्याच सायकलवरून कामावर जायचं होतं.

"भोक पाडा आणि ब्रेक बसवा," मी म्हटलं.

"हुतंय की," असं म्हणून त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आठवडाभर त्यांनी तिला हात लावला नाही. मी चिडलो, तरी आपलं "हुतंय की".

शनिवारी मुलीलाच घेऊन गेलो. सायकलला ब्रेक बसला होता, पण चिमटा दुसराच होता, रंग उडालेला. मागं मिस्त्रींची स्वतःची सायकल पुढचं चाक आणि चिमट्याशिवाय भिंतीला टेकून होती.

मूळ चिमटा त्यांनी जुन्या लुंगीत गुंडाळून मुलीच्या हातात दिला. "भोक पाडलं की कच्चा पडतोय. परत ट्रॅकवर लागंल तुला."

"मी आता नाही उतरणार, काका."

"पयलं न्हायच म्हनायचं," ते म्हणाले. "मी बी तसंच म्हंतो."