एका जागेवरच्या दोन गाड्या

रशीदभाईंचं कर्ज मंजूर झालं. काल सकाळी पोह्यांची प्लेट हातात देता देता शोभाताईंनी ही बातमी दिली, आणि संध्याकाळी खुद्द रशीदभाईंनी बँकेचा मेसेज मोबाईलवर दाखवला. म्हणजे बातमी पक्की... दोन्हीकडून.

अमरावतीत आमच्या चौकात कडुलिंबाखाली एका हातगाडीपुरती जागा आहे. सकाळी तिथं शोभाताईंची पोह्यांची गाडी लागते, संध्याकाळी रशीदभाईंची अंडाभुर्जीची. ही वाटणी कित्येक वर्षांची, तोंडी.

शोभाताई दुपारी जाताना जागा झाडतात, पाणी शिंपडतात आणि मधोमध एक वीट ठेवून जातात, कोणी स्कूटर लावू नये म्हणून. रात्री गाडी हलवताना रशीदभाई तीच वीट त्यांच्यासाठी ठेवतात.

लॉकडाऊन उघडला तो सकाळच्या लोकांसाठी. बाजार संध्याकाळी पाचला बंद... आणि भुर्जी खाणारा माणूस घराबाहेर पडतो सातनंतर. शोभाताईंची गाडी कशीबशी सुरू झाली, रशीदभाईंची उभीच राहिली.

घर चालवायला त्यांनी आधी शेगडी विकली, मग तवा. मधे अकोल्याला मेहुण्याकडे जाऊन धान्याच्या गोदामात पोती उचलली. कंबर धरली तसे परत आले.

इकडे शोभाताई रोज दुपारी वीट ठेवतच होत्या. ती उचलायला कोणी येत नव्हतं, तरी.

मग सरकारची योजना आली. फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज, काही गहाण न ठेवता, बंद पडलेला धंदा पुन्हा उभा करायला. रशीदभाई हुरूपानं चौकशीला गेले आणि पडक्या चेहऱ्यानं परतले. फेरीवाल्यांचा सर्वे करणाऱ्या महापालिकेच्या मॅडम म्हणाल्या होत्या, काका, त्या जागेवर एकच गाडी नोंदलेली आहे, आणि ती दिवसभर असते.

ही नोंद कशी झाली ते शोभाताईंनीच मला सांगितलं. मॅडम सकाळी आल्या होत्या, दिवसभर इथंच असता का म्हणून विचारलं, आणि ह्या हो म्हणाल्या.

"मले वाटलं, अर्ध्या दिवसाची म्हटलं तं नावच कापतीन. घाबरली मी, भाऊ."

"मग आता?"

"आता काय... जाऊन खरं सांगा लागते."

"अन् तुमचंच नाव कापलं तर?" त्यांचा स्वतःचा अर्ज तेव्हा मंजुरीच्या वाटेवर होता.

"कापलं तं कापलं. रोज त्या भाईची वीट ठेवून राहिली मी, अन् जागा माह्या एकटीच्या नावावर लिहून घेऊ?"

त्या गेल्या. मॅडमनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. नोंद दुरुस्त करू, पण दोघांनी आपापली गाडी घेऊन जागेवर हजर राहायचं, मी फोटो काढायला येते, म्हणाल्या.

दुपारची वेळ ठरली. मी मुद्दाम चहाच्या निमित्तानं तिथं थांबलो. इतक्या वर्षांत त्या दोन्ही गाड्या एका वेळी मी पहिल्यांदाच पाहिल्या...

आधी शोभाताईंचा फोटो झाला. मग त्यांनी आपली गाडी नालीच्या बाजूला ओढली आणि रशीदभाईंची गाडी कडुलिंबाखाली आली. धुतलेली, पुसलेली आणि साफ रिकामी. किराणा दुकानातून मागून आणलेला अंड्यांचा एक ट्रे, बस. मॅडमनी मोबाईल वर धरला आणि खाली घेतला. "काका, धंदा चालू असल्याचं दिसायला पाहिजे हो..."

रशीदभाई गाडीच्या दांड्याकडे पाहत उभे राहिले. शेगडी विकली, हे चारचौघांत कसं सांगायचं?

शोभाताई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं येत नाही. त्यांनी आपली शेगडी उचलून भाईंच्या गाडीवर ठेवली आणि वर पोह्यांची कढई चढवली.

रशीदभाई मागे सरकले. "नाही ताई. तुमची कढई अंड्यापाशी नका ठेवू."

"फोटोले काय वास येते काय, भाई?"

"धरम बुडंल तुमचा."

"माहा धरम मी पाहीन. तुमी पोट आत घ्या अन् सरळ उभे राहा!"

चहावाल्यासकट सगळे हसले. मास्कच्या आड मॅडमही.

तरी रशीदभाईंनी अंड्यांचा ट्रे गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवला आणि कढई न् अंडी यांच्या मधे स्वतः उभे राहिले. फोटो तसाच निघाला. कढईच्या काठाला चिकटलेले पोहे मॅडमना दिसले असणारच... तरी त्या "झालं काका," म्हणाल्या आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

शोभाताईंचा मेसेज मात्र अजून आलेला नाही. नोंदीच्या दुरुस्तीत त्यांचा अर्ज मागे पडला. विचारलं तर म्हणाल्या, "माहा बी येईन तव्हा येईन. माही शेगडी तं चालू हाये ना."

दहा हजारांत फार काही होत नाही, हे खरं. पण एक शेगडी होते, एक तवा होतो, आणि आपण मोजले गेलो एवढा धीर मिळतो. ज्यांनी ही योजना आणली आणि ज्यांनी ती उन्हातान्हात चौकापर्यंत पोचवली, त्यांचे आभार मानावेसे वाटले. शोभाताईंचे मानायला गेलो, तर त्यांनी माझ्या प्लेटमध्ये आणखी पोहे वाढले.

पैसे या आठवड्यात खात्यात येतील, असं बँकेनं रशीदभाईंना सांगितलंय. तवा ते अकोल्याहून आणणार आहेत, तिथं जाड मिळतो म्हणे. बाजाराची वेळही आता रात्रीपर्यंत वाढली आहे.

सोमवारी गाडी लागेल, असं दोघांचंही म्हणणं आहे. शोभाताई दुपारी जागा झाडतील, पाणी शिंपडतील, वीट ठेवून घरी जातील... आणि या वेळी ती उचलायला माणूस येईल.