करिंथचं पत्र, पहिल्या ओळीपासून

आईला माती दिली त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं नाही. कुणी विचारलं तर वेळ मिळत नाही म्हणायचे. शाळा, घर, लहान मुलगी, ही कारणं खरीच होती, त्यामुळे कुणी पुढे विचारत नसे. पण मनातून मला ठाऊक होतं की मी त्या पुस्तकाला हात लावायला धजत नव्हते. ज्या पुस्तकातल्या एका वाक्याने माझं माहेर बंद झालं, ते पुस्तक देवाचं असेल तर तो देव माझा कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यात सतत घोळत असे आणि त्याचं उत्तर मला नको होतं.

माझे बाबा मूळ नगरकडचे. प्राथमिक शाळेत मास्तर होते. बदली होत होत पनवेलला आले आणि निवृत्त झाल्यावर जुन्या पनवेलमध्येच राहिले. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पंधरावीस घरांची, आणि बाबा तिचे पंच. मी त्यांची एकुलती एक मुलगी. संध्याकाळच्या प्रार्थनेला शास्त्रपाठ वाचायचं काम लहानपणापासून माझं होतं, आणि बाबांना माझ्या वाचनाचा अभिमान होता. मी विलासशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मात्र त्यांनी स्वतः पुस्तक उघडलं. विलास हिंदू, विचुंब्याचा, सरकारी कचेरीत कारकून. तो आपला देव सोडणार नव्हता आणि मी माझा सोडावा असंही त्याने कधी म्हटलं नाही. बाबांनी करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं ते वाक्य वाचलं, विश्वास न ठेवणाऱ्यांच्या जोडीला जुवाखाली जाऊ नये असं सांगणारं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "यापुढे बोलायचं काही उरलं नाही." आमचं लग्न कचेरीत, नोंदणीने झालं. बाबा आले नाहीत आणि त्यांनी आईलाही येऊ दिलं नाही.

त्यानंतर आई मला मच्छीबाजारात भेटायची. माझ्या घरी जाणार नाही असा शब्द बाबांनी तिच्याकडून घेतला होता आणि तो ती पाळत होती. कोळणींच्या आरडाओरड्यात आम्ही दोघी भिंतीकडेला उभ्या राहून बोलायचो. केतकी झाली तेव्हा तिला कडेवर घेऊन मी तिथेच गेले होते. ओल्या हाताने कसं धरू म्हणून आईने आधी पदराला हात पुसले होते. असं वर्षानुवर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात आईला साधा ताप आला म्हणून सांगितलं गेलं आणि चौथ्यापाचव्या दिवशी ती गेली. कबरस्तानात मी मंडळींच्या मागे उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी पेणची एस.टी. धरायला पळस्प्याच्या फाट्यावर उभी होते. पेणच्या शाळेत मी तेव्हा शिकवत असे. बराच वेळ गाडी येईना. तेवढ्यात कर्नाळ्याच्या बाजूने एक रिक्षावाला परत आला आणि ओरडून सांगायला लागला, "बाई, टँकर उलटलाय पुढं. रस्ता पार बंद हाय. आमी परत फिरलो, आता सांच्यापर्यंत काय हालनार नाय." लोक पांगले. मीही घरी निघाले होते, तेव्हा फाट्यावरच्या झाडाखाली एक बाई बसलेली दिसली. पन्नाशीच्या पुढची, जाड चष्मा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पुण्याहून महाडला निघाल्या होत्या. पुण्याच्या गाडीने त्यांना फाट्यावर उतरवलं होतं आणि पुढची गाडी येणारच नव्हती. ऊन वाढत होतं. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत इथे कशा बसणार? घरी चला, जवळच आहे." मी अशी अनोळखी माणसाला घरी नेणाऱ्यातली नाही. त्या दिवशी का म्हटलं, मला अजून सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी त्यांना जेवायला वाढलं. त्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, होणाऱ्या मुलांना शास्त्र शिकवतात, महाडकडे प्रचारकांच्या बायकांचा वर्ग घ्यायला निघाल्या आहेत, हे जेवताना कळलं आणि माझा हात जरा आखडला. त्यांनी भिंतीवरचं विलासचं देवघर पाहिलं. कपाटावर कपड्यांच्या वर ठेवलेलं माझं शास्त्रही पाहिलं.

"हे कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "होतं."

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. मग सगळंच सांगितलं. बाबा, ते वाक्य, मच्छीबाजार, कबरस्तान.  माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "करिंथ कसलं गाव होतं, माहीत आहे का तुम्हाला?"

मला हसू यावं की राग यावा कळेना. करिंथ हे गाव असेल, तिथे रस्ते आणि बाजार असतील, असा विचारच मी जन्मात केला नव्हता. माझ्या लेखी ते पत्राच्या डोक्यावर छापलेलं एक नाव होतं.

त्या सांगत गेल्या. जमिनीची एक चिंचोळी पट्टी, दोन्ही अंगांना दोन बंदरं, खलाशी, व्यापारी, गुलाम, गुलामगिरीतून सुटलेले लोक, गल्लोगल्ली देवळं. "तुमच्या पळस्प्यासारखंच म्हणा ना, सगळे रस्ते तिथे येऊन मिळायचे." विश्वास ठेवणारे थोडेसे, कुणाच्या तरी घरात जमणारे. एकाच घरात बायको प्रभूवर विश्वास ठेवायची, नवरा देवळात जायचा. कुठे नवरा इकडे आणि बायको तिकडे. आता काय करायचं, घर मोडायचं का, असे प्रश्न त्यांनी आपल्या गुरूला लिहून विचारले. "त्या लोकांनी लिहिलेलं हरवलं. आपल्याकडे त्याची उत्तरं तेवढी उरली आहेत. शेजारच्या घरात कुणी फोनवर बोलतंय आणि आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतंय, तसं वाचावं लागतं हे."

मग त्यांनी मला कपाटावरून पुस्तक काढायला लावलं. करिंथला लिहिलेल्या दोन पत्रांपैकी पहिल्यातला लग्नांविषयीचा अध्याय काढून दिला. विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नका, तुमच्यामुळे तोही पवित्र आहे आणि तुमची लेकरंही पवित्र आहेत, अशा अर्थाचं तिथे होतं. हा अध्याय मी लहानपणी वाचला असणारच. पण त्या दुपारी तो मला नवा होता.

"म्हणजे बाबा चुकले," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. कधी 'तू' वर आल्या ते त्यांनाही कळलं नसावं. "एक गोष्ट तुझ्यापासून लपवली तर मी खोटी ठरेन. ही लग्नं विश्वास ठेवण्याआधीच झालेली असावीत. तुझं नंतरचं. नव्याने लग्न करणाऱ्या विधवेला त्याच अध्यायात तो सांगतो, प्रभूतलाच, विश्वास ठेवणाराच कुणी बघ. तेव्हा तुझे बाबा अगदीच हवेत बोलले नाहीत."

मी पुस्तक मिटू लागले.

"पण त्यांनी वाचलेलं वाक्य कुठे आहे तेही बघ." त्यांनी दुसऱ्या पत्राचं पान काढलं. "इथे लग्नाचा विषयच चाललेला नाही. हा पत्र लिहिणारा माणूस दुखावलाय. ज्यांना त्याने जीव लावला, ती मंडळी त्याच्यावर संशय घेतायत. आणि त्या वाक्याच्या अगदी आधी, लेकरांशी बोलावं तसा तो विनवतोय की माझ्यासाठी तुमची मनं मोकळी करा. तुझ्या बाबांनी त्याच्या पुढच्या ओळीपासून वाचलं."

ते आधीचं वाक्य मी बोट ठेवून वाचलं. कितीतरी वेळ बोट तिथेच होतं. आई जिवंत असताना हे कुणी मला दाखवलं असतं तर, एवढंच मनात येत राहिलं.

"मी हे बाबांना दाखवते," मी शेवटी म्हटलं.

"दाखवायला जाऊ नकोस. त्यांनी एक ओळ तुझ्यावर फेकली, तू दुसरी त्यांच्यावर फेकशील. वाचायला जा. पहिल्यापासून. कुणाचं पत्र आलं तर ते मधूनच उघडून कोण वाचतं?"

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. मी त्यांना पळस्प्याला महाडच्या गाडीत बसवून आले. त्यांनी खिडकीतून हात केला. पत्ता घ्यायचं राहून गेलं, आणि त्या पुन्हा मला कधी भेटल्या नाहीत. टँकरचा ड्रायव्हर वाचला होता, एवढं मात्र मी परतताना रिक्षावाल्याला विचारून घेतलं.

तरी लगेच जायचं धैर्य झालं नाही. पावसाळा गेला. मग बाबांच्या शेजारीणबाई बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या की मास्तरांना काचबिंदू झालाय, फारसं दिसत नाही, वाचन तर बंदच. त्या रविवारी उपासना आटोपून बाबा घरी आले असतील अशा बेताने मी गेले. दार त्यांनीच उघडलं. किती वाळले होते! माझ्या तोंडाकडे बघत होते, पण ओळख दिसत नव्हती.

"कोण?"

"मी आहे बाबा."

ते चौकटीला धरून उभे राहिले. मला वाटलं दार लावून घेतील. मग बाजूला सरकून म्हणाले, "चपला आत काढ. बाहेर कुत्री नेतात."

मी वाचून दाखवू का, असं विचारलं. त्यांनी मान डोलावली. मी पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी जाऊ लागले. आमच्यात दुसरं बोलणं होत नसे. मी वाचायची, ते खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच मास्तर जागे व्हायचे. "सावकाश. स्वल्पविराम खाऊ नकोस." करिंथची मंडळी गट पाडून भांडतायत, कोण कुणाच्या बाजूचा यावरून वाद घालतायत, हे वाचलं तेव्हा ते चक्क हसले. "आपल्या पंचांची सभा आहे ही," म्हणाले. इतकी वर्षं शास्त्र वाचून हे पत्र त्यांनी असं सलग कधी ऐकलं नव्हतं. मंडळीत वाचतात ते तुकड्या-तुकड्यांनीच. त्या बाईंकडून ऐकलेलं करिंथ मी थोडं थोडं सांगू लागले. दोन बंदरं, एका बंदरातून दुसऱ्यात जमिनीवरून ओढत नेलेला माल, देवळातल्या बळीचं बाजारात आलेलं मटण. बाबा प्रश्न विचारू लागले, मला उत्तरं येत नसत.

लग्नांचा अध्याय जवळ येऊ लागला तशी मला भीती वाटू लागली. आपण काही सिद्ध करायला आलो आहोत असं त्यांना वाटेल का? तो रविवार टाळावा असंही मनात आलं. वाटेत रिक्षात मी प्रार्थना केली, कितीतरी दिवसांनी. काय मागावं ते सुचेना. मग म्हटलं, प्रभू, मी नुसतं वाचते, बाकीचं तू बघ. तेवढ्याने छाती हलकी झाली.

मी वाचलं. वेगळा जोर कुठेच दिला नाही. नवरे, बायका, नांदायला राजी असलेले जोडीदार, पवित्र लेकरं. बाबा म्हणाले, "ते परत वाच." मी परत वाचलं. मग विधवेचं आलं, प्रभूतलाच कुणी बघ असं. तेही मी गाळलं नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं,

"मुलीचं नाव काय ठेवलंस?"

"केतकी."

"केतकी," ते म्हणाले. "तुझी आई सांगायला लागली की मी उठून बाहेर जायचो." त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून फिरत राहिला. "कितवीत आहे?"

"दुसरीत."

"दुसरीत गेली," असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माफी मागितली नाही. त्या घरात आई असायला हवी होती, हे आम्हा दोघांनाही तेव्हा एकदमच वाटलं असावं, कारण दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड वळवलं.

नाताळाच्या आधी बाबा विचुंब्याला आले. विलास स्वतः रिक्षा घेऊन गेला होता. त्या दोघांची ती पहिली भेट. केतकीने आजोबांना हाताला धरून खोल्या दाखवल्या, म्हणजे कुठे काय आहे ते मोठ्याने सांगत सगळीकडे फिरवलं. देवघरापाशी आल्यावर "हे पपांचे देव" असंही तिने सांगितलं. बाबा तिथे क्षणभर थांबले आणि पुढे गेले. मी पानं वाढली. मी काही म्हणायच्या आत विलास म्हणाला, "मास्तर, तुम्ही जेवणाआधी प्रार्थना करता ना? करा."

बाबा उभे राहिले. अन्नासाठी आभार मानले, या घरासाठी मानले, विलासचं नाव घेतलं, केतकीचं घेतलं. मग आईचं नाव घेतलं आणि त्यांचा आवाज अडकला. आम्ही डोळे मिटून थांबलो. ते पुन्हा बोलायला गेले, पण शब्द फुटेना. मलाही रडण्याने बोलता येत नव्हतं. प्रार्थना तशीच अर्धी राहिली. आमटी निवत होती. तेव्हा विलासने, ज्याने तो शब्द आयुष्यात कधी उच्चारला नव्हता, हळूच म्हटलं, "आमेन." बाबा खाली बसले आणि जेवले.

त्यानंतर बाबा फार वर्षं राहिले नाहीत. जी राहिली ती देवाने दिली असं मी मानते आणि त्याबद्दल त्याचे आभार मानायला मी कधी चुकत नाही. त्या दिवशी रस्ता का बंद झाला, ती बाई नेमकी त्या झाडाखाली का बसली होती, याची फोड मी करत बसत नाही. मात्र वर्षभर आधी का नाही, हा सवाल मी त्याला अजून विचारते. मच्छीबाजारात गेले की हमखास विचारते. उत्तर आलेलं नाही. करिंथच्या लोकांनी काय काय विचारलं होतं तेही आता कुणाला ठाऊक नाही. मी विचारते, आणि उत्तर केव्हा द्यायचं ते त्याच्यावर सोडून मासळी घेऊन घरी येते.