गजेंद्र सरांचा चौथा धडा

अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात गजेंद्र सर संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतात. माणूस तोंडाचा फटकळ. प्राचार्यांनाही ‘हे होत नाही’ असं उभ्या उभ्या सांगतो. फक्त विद्यार्थ्याला नाही म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते आणि तोंडातून एवढंच निघतं: पाहतो. त्यांच्या नांदगाव खंडेश्वरात मुलगी पाहून आलेली मंडळी स्थळ नाकारताना हेच म्हणतात, आणि समोरचेही समजून घेतात.

सरांचं दैवत म्हणजे डिबगर. चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्यातली चूक शोधायचं हे साधन देशोदेशीचे लोक मिळून फुकट बनवतात. त्याच्या मराठी आवृत्तीत किंवा माहितीपानांत कोणी बदल सुचवला, की तो तपासायचं काम आठ वर्षांपासून सरांकडे. पगार नाही, चहासुद्धा नाही. माहितीपानांतला चौथा धडा तर त्यांनीच लिहिलेला: ‘बटण दाबा. प्रोग्राम पहिल्या ओळीवर उभा राहील. घाई न करता आजूबाजूला पहा.’ खेड्यांतून आलेली पहिल्या वर्षाची पोरं या धड्यावरच तरून जात.

त्याच धड्यावर रागिणीचा प्रस्ताव येऊन पडला. रागिणी अकोटची, सरांचीच विद्यार्थिनी, आता अकोल्यात घरी बसून नोकरी करते. तिचं म्हणणं, डिबगरनं पहिल्या ओळीवर आपणहून थांबू नये. ज्याला थांबवायचं त्यानं सेटिंग बदलावी. जाणत्यांचा वेळ वाचेल. आणि चौथा धडा काढून टाकावा. मांडणी इतकी नेटकी, की सरांना अभिमानच वाटला.

पण सरांची हरकत खरी होती. नव्या पोराच्या डोळ्यांदेखत प्रोग्राम सुरू होऊन संपेल, त्याला काही दिसणारच नाही. सरांनी हे तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. तेवढ्यात रागिणीचाच फोन.

“सर, पायलं का तुमी? माहा पहिलाच बदल आहे. धाकधूक होऊन राहिली.”

“वाचून राहिलो.”

“चुकलं असन तं सांगा. वर्गात तं सोडत नव्हते कोणाले.”

“तसं चुकलं नाही काही.”

“मंग?”

“पाहतो.”

प्रस्तावाखालीही त्यांनी तेच लिहिलं आणि निश्चिंत होऊन जेवायला बसले.

“तिले समजलं का पण?” बायकोनं, भावनानं विचारलं.

“अकोटची पोरगी आहे. समजन नाही तं काय.”

तपासणीचा नियम असा, की सात दिवसांत स्पष्ट हरकत आली नाही तर संमती समजावी. हा नियम मराठीत सरांनीच उतरवला होता. आठव्या दिवशी बदल लागू झाला, धडा गेला.

सोमवारी तीस पोरांनी बटण दाबलं. तीस प्रोग्राम सुरू झाले आणि संपले.

“सर, थांबलं काहून नाही?” पहिल्या बाकावरच्या वर्षालीनं विचारलं.

सरांनी तिच्या मशीनची सेटिंग बदलली, मग शेजारची. मशीन बंद केली की सगळं कोरं होतं, म्हणजे मंगळवारी पुन्हा पहिल्या बाकापासून. बाविसाव्या मशीनपाशी वाकलेले असताना रागिणीचा मेसेज आला: ‘सर, तुमी एक शब्द वाकडा बोलले नाही, म्हणून हिंमत आली. आता पाचवा धडाबी काढू का?’

सरांनी ‘नको’ लिहिलं. ते बराच वेळ पाहिलं. मग पुसून लिहिलं, ‘पाहतो’, आणि तेविसाव्या मशीनकडे वळले.